दहापैकी दहा

मंगळवार, ता. ६

तर सगळ्यात आधी आली ती बाहुली. तिच्या कंपनीतले साहेब मागून, धापा टाकत. कॅमेरेवाला तर पहिल्याच मजल्यावर टेकला होता, असं शिंपीणबाई सांगते. तिचं दार जिन्यासमोर, त्यामुळे कोण किती दमलं ते तिला आधी कळतं. "अगं, तुझे पाहुणे वर पोचेपर्यंत चहा गार होईल," असं ती खालून ओरडलीसुद्धा. साहेबांनी ऐकलं असणार. आमच्या बुटक्या इमारतीला लिफ्ट नाही हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं वाटतं. मी म्हटलं, "जिना चढून आलं की चहाला चव येते." हसले बिचारे, पण छातीवर हात ठेवून.

बाहुली म्हणजे समोरच्या उंच इमारतीतली, नवव्या मजल्यावरची. तिचं खरं नाव लांबलचक आहे, पण अगदी तान्ही होती तेव्हापासून मी तिला सांभाळलं, मला ती बाहुलीच. आई ऑफिसात, बाप सदा परगावी. दूध पाजायचं, झोपवायचं, पडली की फुंकर घालायची, सगळं माझ्याकडे. शाळेत जायला लागली तशी घरी येऊन हातात पट्टी घेऊन मलाच शिकवायची. मी दुसरी पास, तीसुद्धा ढकलून. जोडाक्षरं मला ह्या पोरीनं शिकवली. आणि आज ही जाड पानांची वहीपण तिनंच दिली. "मावशी, मनातलं लिहीत जा." म्हटलं, मनातलं मी बोलून टाकते, लिहायला उरणार काय? पण पानं इतकी गुळगुळीत आहेत की हात फिरवावासा वाटतो. म्हणून लिहिते.

साहेबांसमोर ती मला "तुम्ही" म्हणत होती. लहानपणी "ए मावशी, तू इकडे ये" असायचं. मोठ्या नोकरीत तसं बोलावं लागत असेल.

तयारी मी कालपासून केलेली. शिंपीणबाईच्या दोन खुर्च्या वर आणल्या, तिचा उभा पंखा आणला, वॉचमनकाकांकडून सोनेरी काठाचे कप. आमच्या ह्यांना शिंपीणबाईकडे नेऊन बसवलं. त्यांच्या पायाला पट्टी, तिला जरा वास येतो, पाहुण्यांसमोर ते बरं नाही दिसत. हे म्हणाले, "म्हणजे घरातलं मोडकं सामान खाली नेऊन ठेवलंस." तोंडाला काही हाड नाही त्यांच्या.

बाहुलीनं आल्या आल्या विचारलं, "काका कुठे?"

मी म्हटलं, "फिरायला गेलेत."

साहेबांनी लगेच हातातल्या फोनवर टिपून घेतलं.

बाहुली खुर्चीत बसली. खुर्चीच्या हाताला शिंपीणबाईची टाचण्यांची उशी बांधलेली राहून गेली होती. काढायला विसरलेच की मी! बाहुलीनं ती बोटानं जरा हलवली, कापडातला एक धागा ओढून काढला आणि म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे आपण चटईवर बसायचो ना?"

"दिवस पालटले गं आता," मी म्हटलं. काय सांगणार होते? घरी आलेल्या माणसापुढे रडगाणं गाणारी बाई नाही मी.

साहेबांनी खूप विचारलं. पाणी येतं का? येतं. (पहाटे येतं, खालून वाहून आणावं लागतं, पण येतं ना.) झोप लागते का? पडल्या पडल्या. शेजारी कसे? माझ्या घरात त्यांच्याच खुर्च्या आहेत, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. नुसतं "जीव की प्राण" म्हटलं. शेवटी म्हणाले, "आजी, तुम्ही किती समाधानी आहात? दहापैकी मार्क द्या."

मी बाहुलीकडे बघितलं. मी जिन्यात सामोरी गेले तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली होती, "मावशी, हे माझं पहिलं मोठं काम आहे, नीट झालं पाहिजे." मार्क कशाचे ते मला तेव्हाच कळलं. मी म्हटलं, "दहापैकी दहा. अकरा असतील तर अकरा."

कॅमेरेवाल्यानं फोटो काढला. मी हातात सोनेरी काठाचा कप धरला होता.


बुधवार, ता. ७

उद्यापासून बाहुलीची माणसं घरोघर फिरून मार्क विचारणार आहेत. म्हणून आज मी आधीच सगळे मजले पालथे घातले. गुडघे बोलायला लागले, पण पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे.

शिंपीणबाई मशीनवर होती. म्हणाली, "मी सात देणार. मला रक्तदाब आहे, डोळे गेलेत, आणि समोरच्या उंच इमारतीतले लोक माझ्याकडून कपडे बारीक करून घेतात नि मी कोण ते लिफ्टमध्ये ओळखत नाहीत. सात जास्तच झाले."

"सात? पोरीला नापास करतेस?"

"सातला नापास होतात होय?"

"मग दे की दहा! तुझं काय जातंय?"

तिनं टाका तोडला नि म्हणाली, "तुझ्या तोंडाकडे बघून देते. दहा."

वॉचमनकाका खोकत खोकत म्हणाले, "मार्क द्यायचे म्हणजे काय करायचं?" मी म्हटलं, नुसतं दहा म्हणायचं. त्यांनी चारदा म्हणून दाखवलं. खोकल्यामुळे "दहा" नीट येत नव्हतं, पण जमेल.

संध्याकाळी सून कारखान्यातून आली. चपला काढायच्या आधी तिच्या कानावर गेलं होतं. "आई, ते मार्क नक्की कुणाला द्यायचे होते?"

"बाहुलीला. तिच्या कामाला."

"असं त्यांनी सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? परीक्षा घ्यायला साहेब सोबत आले नव्हते का?"

 सुनेनं भांडी जरा आपटून घासली. कारखान्यात उभं राहून पाय दुखतात तिचे.


शनिवार, ता. १०

आमची इमारत पहिली आली! सगळ्या घरांनी दहा दिले. बाहुली खास सांगायला आली, आज एकटीच होती, मला मिठी मारली. उंच इमारतीला किती मिळाले असतील? चार. काही घरांनी तर तीन दिलेत. मला हसू आलं, मग वाईट वाटलं.

बाहुलीची आई मला माहीत आहे ना. एवढा मोठा पलंग, आणि बाई रात्रभर छताकडे बघते. गोळी घेते, तरी नाही. मी तिथे कामाला होते तेव्हा एकदा मला विचारलं होतं, "तुम्हा लोकांना झोप कशी लागते हो?" मी म्हटलं, "बाई, दिवसभर उभं राहिलं की लागते." तिनं एक दिवस उभं राहून बघितलंसुद्धा. खोटं नाही सांगत. स्वयंपाकघरात उभी होती, फोनवर बोलत. दमली, पण झोप नाही आली. शेजारचं दार कुणाचं ते त्यांना माहीत नसतं. आणि त्यांच्याहून वरच्या मजल्यावर कुणीतरी राहतं, त्याची गाडी ह्यांच्या गाडीहून मोठी, त्यावरून नवरा-बायकोत महिनाभर अबोला. बिचारे. चार मार्कसुद्धा कुठून आणले असतील!

ह्यांची पट्टी आज सिस्टरनं बदलली. सिस्टरची खोली म्हणजे दोन इमारतींच्या मधली, खालची. बाहुलीच्या कंपनीनं आमची जुनी घरं पाडून उंच इमारत उठवली तेव्हा ठरलं होतं की आम्हाला बुटकी इमारत आणि ही दवाखान्याची खोली. कापूस, औषध, सुई, सगळं तिथेच. ह्यांना साखरेचा आजार, पायाची जखम भरता भरत नाही, सिस्टर दर दोन दिवसांनी धुते. आज म्हणाली, "भरतेय हो काका, पाणी मात्र लावू नका." हे म्हणाले, "पाय आहे, शेत नाही." तिला हसवतात, म्हणून ती ह्यांचं आधी करते.


शुक्रवार, ता. २३

उंच इमारतीच्या फाटकावर माझा फोटो लागला आहे! माणसाएवढा! हातात कप, मी हसतेय, आणि एक दात नाही तेसुद्धा दिसतंय. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, मी स्वतः वाचलं, जोडाक्षरासकट: "समाधानी शेजार. आम्हाला काही कमी नाही." कॅमेरेवाल्यानं आणि साहेबांनी छान लिहिलंय. मी तेच म्हटलं होतं जवळजवळ.

मी चार वेळा समोरून गेले-आले. एका गाडीवाल्यानं काच खाली करून माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे. मी हात केला. त्यानं काच वर घेतली.

सिस्टरला दाखवायला बोलावलं. ती बघत राहिली. मी म्हटलं, "छान आलाय ना?" ती म्हणाली, "छान आलाय आजी." डोळे पुसत होती, धूळ गेली असेल. फाटकावर वारं फार असतं.


सोमवार, ता. २६

आज पट्टी बदलायला गेलो तर सिस्टर कापसाची खोकी बांधत होती. पहिल्या तारखेपासून खोली बंद.

मी म्हटलं, "अगं, पण का?"

"कंपनीचं म्हणणं आहे की एका इमारतीला गरजच नाही. सगळ्या घरांनी पूर्ण मार्क दिलेत. दुसरीला फार गरज आहे, त्यांचे मार्क फार कमी आहेत. म्हणून ह्या खोलीत त्यांच्यासाठी मन शांत करायची जागा करणार. गाद्या, मंद दिवे."

हे स्टुलावर पाय ठेवून बसले होते. म्हणाले, "माझं मन शांत आहे, पायाचं बघा."

मी म्हटलं, कुठेतरी गोंधळ झालाय. मार्क बाहुलीचे होते. सिस्टर म्हणाली, "आजी, तुमच्या इमारतीत कुणी एकानं तरी पाच द्यायचे होते हो." मी म्हटलं, कसे देतील, मीच सगळ्यांना सांगून आले होते. सिस्टरनं खोक्याची दोरी जोरात ओढली. गाठ नीट बसली नव्हती.

बाहुलीला तीनदा फोन लावला. मीटिंगमध्ये असेल.


गुरुवार, ता. २९

शिंपीणबाई मशीन थांबवून माझ्याशी भांडली. मशीन थांबवून! लग्नाचे कपडे शिवताना तिचं माहेरचं माणूस गेल्याचा निरोप आला होता, तेव्हासुद्धा ती शिलाई पुरी करून मग रडली होती.

"रक्तदाबाच्या गोळ्या मला सिस्टर द्यायची. आता कोण देणार, तुझी बाहुली?"

"अगं, मी मुद्दाम केलं का?"

"मी सात देत होते. सात देत होते की नाही? खरं सांग."

देत होती. मी मान हलवली.

"तू नापास म्हणालीस. माझं आयुष्य माझ्या तोंडानं मला सांगू दिलं नाहीस. माझ्या खुर्च्या, माझा पंखा, आणि वर माझे मार्क. सगळं माझंच नेलंस आणि वाढलंस त्यांना."

जिन्यात आणखी बायका उभ्या होत्या. कुणी मला जा म्हणालं नाही, कुणी थांब म्हणालं नाही. वॉचमनकाकांनी दार लावून घेतलं. आमच्या इमारतीत दुपारी दार लावायची कुणाची रीत नाही. समोरच्यासारखी बंद दारं आज पहिल्यांदा बघितली ह्या जिन्यात.

बाहुलीनं फोन उचलला. म्हणाली, "मावशी, मार्क तर तुम्हीच दिलेत ना? मी काय करू? आमच्याकडे लोकांनी सांगितलेलंच खरं धरतात." मग म्हणाली तिला मोठी जागा मिळाली आहे, स्वतःचं केबिन. मी म्हटलं, "अभिनंदन गं." आणि मग फोन ठेवला तिनं की मी, ते आठवत नाही.

पोरगी लहान आहे. वरून सांगतात तसं करावं लागत असेल.


रविवार, ता. २

सिस्टरच्या खोलीला काच लावली आहे. आत उशा, भिंतीवर पाण्याचं चित्र. बाहेरून बघितलं. बाहुलीची आई आत डोळे मिटून बसली होती. तिला बरं वाटू दे. खरंच वाटू दे.  पण ती बसली होती तिथेच ह्यांचं स्टूल असायचं.

नवीन पहारेकऱ्यानं विचारलं, "आजी, काय काम आहे?" मी म्हटलं, फाटकावर माझा फोटो आहे. तो म्हणाला, "असू दे. पण इथे उभं राहू नका."

पट्टी घरी मीच बदलते. सिस्टर करायची ते बघून बघून येतं थोडं. अंगठा जरा काळसर दिसतो, चहाच्या पातेल्याच्या बुडासारखा. गरम पाण्यानं उतरेल.


मंगळवार, ता. ११

नाही उतरला. सुनेनं रजा टाकली आणि आम्ही मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो, दोन बस बदलून. तिसऱ्यांदा. मागच्या दोन्ही वेळा आमचा नंबर यायच्या आत खिडकी बंद झाली होती. आज डॉक्टरीणबाई भेटल्या. मुलीच्या वयाच्या. पट्टी सोडली आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, "एवढे दिवस काय करत होतात?"

सून म्हणाली, "समाधानी होतो."

मला वाटलं, डॉक्टरीणबाईंना राग येईल. त्यांना कळलंच नाही. येत्या एकवीस तारखेला, शुक्रवारी, अंगठा काढणार आहेत. वेळेत आला असतात तर पट्टीवर भागलं असतं, असं म्हणाल्या.

बसमध्ये हे खिडकीशी बसले होते.  मग म्हणाले, "आता मी दहापैकी नऊ."

सून हसली. मग खिडकीकडे तोंड केलं तिनं. मी नाही हसले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्यांच्या विनोदाला नाही हसले.


रविवार, ता. १६

बाहुलीचा फोन आला. आपणहून! इतक्या दिवसांनी. आणि काय गंमत, "तू" म्हणाली. "मावशी, तू कशी आहेस?" माझा जीव इतका हलका झाला की पायाचं सांगायचं राहूनच गेलं. तिचा आवाज अगदी पट्टी घेऊन शिकवायची तसा.

म्हणाली, साहेब आणि कॅमेरेवाला पुन्हा येणार आहेत. दुसऱ्या शहरातल्या लोकांना आमची इमारत दाखवायची आहे, समाधान टिकलंय का ते बघायचंय. "सगळं मागच्यासारखंच ठेव हं मावशी. तू तो कप धर. आणि शिंपीणबाईंच्या खुर्च्या, तो पंखा, आणून ठेवशील ना? फोटोत घर भरलेलं दिसतं."

मी हो म्हटलं. फोन ठेवला. भाजी चिरायला बसले.

अर्धी भाजी झाल्यावर सुरी हातातच राहिली. खुर्च्या शिंपीणबाईच्या आहेत हे मी तिला कधी सांगितलं? नव्हतं सांगितलं. दिवस पालटले म्हटलं होतं. तेव्हा ती टाचण्यांची उशी हलवत होती. लहानपणी शाळेचा झगा शिवून घ्यायला मीच तिला शिंपीणबाईकडे न्यायची, त्याच खुर्चीत बसून पाय हलवायची ती. पंखा कुणाचा ते तिला माहीत होतं. ह्यांचा पाय तिला माहीत होता, तिच्या घरातून साखरेची औषधं तिनंच तर मागे एकदा आणून दिली होती. फिरायला गेलेत म्हटलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती.

तिला सगळं माहीत होतं. जिन्यात कानात म्हणाली तेव्हापासून.

मी ह्यांना सांगितलं. वाटलं, काहीतरी वाकडं बोलतील. हे म्हणाले, "भाजी करपेल." आणि माझा हात धरून बसले. भाजी अजून गॅसवर चढवलीच नव्हती.

मग मी खाली गेले. शिंपीणबाईच्या दारात उभी राहिले. मशीन चालू होतं. तिनं वर न बघता विचारलं, "खुर्च्या हव्यात?"

"नको."

"पंखा?"

"नको. तू ये. मार्क द्यायला ये. सात असतील तर सात, दोन असतील तर दोन. जिन्यातल्या सगळ्यांना सांग, मी सांगितलं तर आता कुणी ऐकणार नाही."

मशीन थांबलं नाही. पण जरा हळू झालं.

वर येऊन चटई झाडली. चहाला आमचे स्टीलचे पेले काढून ठेवलेत, एकाला पोचा आहे, तो साहेबांना. हे दारासमोर बसतील, पट्टी सोडून, पाय स्टुलावर. शुक्रवारी अंगठा जायचा आहे, त्याच्या आत बाहुलीनं एकदा बघावा, लहानपणी ह्याच पायांवर उभं करून हे तिला घरभर फिरवायचे.

गुरुवारी येते म्हणाली आहे.